अजिंठ्याच्या अंधारात कॅमेरा

अजिंठ्याच्या लेण्यांचे छायाचित्रण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सुरू झाले. जगभरचे छायाचित्रकार तेव्हा एक्स्पोजरचा वेळ कमी करण्याच्या मागे लागले होते. अजिंठ्यात मात्र वेगाची अडचण नव्हती, उजेडाची होती. भिंतीवरची माणसे सुमारे दीड हजार वर्षे जागची हललेली नव्हती. त्यांच्यापर्यंत प्रकाश पोचवायचा कसा आणि त्यांचे रंग काचेवर उतरवायचे कसे, हे दोन प्रश्न होते. ते सुटायला पाऊणशे वर्षे लागली, आणि सुटले असे वाटल्यावर पहिला प्रश्न उलटा होऊन पुन्हा समोर आला.

छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे १०० किलोमीटरवर वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर ही लेणी कोरलेली आहेत. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला ती दिसली आणि बाहेरच्या जगाला त्यांची माहिती झाली. चित्रे असलेल्या विहारांची ठेवण साधारण सारखी आहे : पुढे ओसरी, मग दार आणि खिडक्या, आत खांबांचे मोठे दालन आणि शेवटी गाभारा. दिवसाचा उजेड ओसरीपर्यंत मोकळा येतो, दालनात विरतो. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी मागच्या भिंतीवर, गाभाऱ्याच्या वाटेलगत आहे. काही मिनिटांत डोळा त्या अंधाराला सरावतो. त्या काळची काच सरावत नसे.

ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याला चित्रांच्या प्रतिकृती करायला नेमले. त्याने मोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात काम केले. त्यातली बहुतेक चित्रे लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावलेली असताना डिसेंबर १८६६ च्या आगीत जळाली. अजिंठा गावात आजही गिलचे नाव निघते ते पारू या स्थानिक तरुणीशी जुळलेल्या त्याच्या प्रेमकथेमुळे. त्याने तिथे कॅमेराही चालवला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ही उपेक्षा अन्यायाची आहे, कारण कॅनव्हास जळाले तरी त्याची छायाचित्रे उरली. जेम्स फर्ग्युसनने भारतातील कोरीव लेण्यांवरचे आपले पुस्तक १८६४ मध्ये काढले, ते गिलने जागेवर घेतलेल्या ७४ छायाचित्रांनी सजवलेले होते. त्याच वर्षी गिलच्या १०० स्टिरिओस्कोपिक चित्रांचाही ग्रंथ निघाला. डाव्या-उजव्या डोळ्यांसाठी घेतलेली ही जोडचित्रे विशिष्ट भिंगांतून पाहिली की खांबांना खोली येई. लेणे कधीही न पाहिलेल्या युरोपीय वाचकाला ते जवळजवळ आत नेऊन उभे करण्यासारखेच होते.

गिलच्या छायाचित्रांत दर्शनी भाग, ओसऱ्या, खांब आणि मूर्ती भरपूर आहेत. रंगवलेल्या भिंतींसाठी त्याला शेवटपर्यंत कुंचल्यावरच भिस्त ठेवावी लागली, आणि त्याला कारण त्या काळचे तंत्र होते. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ओल्या कोलोडियनची पद्धत जाहीर केली. काचेवर कोलोडियनचा चिकट थर ओतायचा, काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची आणि थर ओला असेपर्यंतच चित्र घेऊन, धुऊन मोकळे व्हायचे. हाताशी जेमतेम दहा-पंधरा मिनिटे असत. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तीही नसणार. म्हणजे अंधाऱ्या दालनात हवे तेवढे लांब एक्स्पोजर द्यावे, तर तेवढ्यात काच सुकून जायची.

दुसरी अडचण रंगांची होती. कोलोडियनला निळा-जांभळा प्रकाश दिसे. तांबड्या आणि पिवळ्या प्रकाशाला ते जवळपास आंधळेच होते. अजिंठ्याच्या चित्रकारांचा सारा भर तर गेरू आणि पिवळ्या मातीवर. त्यामुळे पुरेसा उजेड पाडला तरी गव्हाळ कांतीची माणसे काळवंडून उमटली असती. वेरूळचे कैलास लेणे आकाशाखाली उघडे आहे आणि तिथे कामाची वस्तू दगडच आहे, म्हणून तिथली छायाचित्रे पुढेही अधिक खुलली. निजामाचे दरबारी छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांनी वेरूळ आणि औरंगाबादची जी दृश्ये टिपली, त्यांत ही सोय स्पष्ट दिसते.

ज्या १८५१ मध्ये आर्चरची पद्धत आली, त्याच वर्षी अतिवेगवान छायाचित्रणाचाही पाया पडला. हेन्री फॉक्स टॅल्बटने वर्तमानपत्राचा तुकडा गरगर फिरणाऱ्या चाकावर चिकटवला, अंधारात लेडन जारमधून विजेची ठिणगी पाडली आणि छापलेली अक्षरे वाचता येतील असे चित्र मिळवले. तिथे शटरचा वेग महत्त्वाचा नव्हता. ठिणगी किती कमी वेळ टिकते, यावर सारे होते. पुढे माय्ब्रिजने १८७८ मध्ये धावत्या घोड्याची पावले टिपली आणि त्यानंतरच्या दशकात अर्न्स्ट माखने बंदुकीच्या गोळीभोवतीच्या हवेच्या लाटा. या सर्वांना कमी वेळात प्रचंड प्रकाश हवा होता. अजिंठ्याला हवा होता मंद प्रकाश आणि भरपूर वेळ.

अंधारावर पहिला कृत्रिम उपाय मॅग्नेशियमचा निघाला. या धातूची तार जाळून १८६४ मध्ये इंग्लंडमधील एका खाणीत आणि १८६५ मध्ये इजिप्तच्या मोठ्या पिरॅमिडच्या पोटात छायाचित्रे घेतली गेली. १८८७ मध्ये जर्मनीत मॅग्नेशियमची स्फोटक पूड आली. प्रकाश झगझगीत पडे, पण पाठोपाठ पांढऱ्या धुराचा लोट उठे आणि त्याची भुकटी आसपासच्या सगळ्यावर बसे. चित्रांच्या भिंतीशेजारी हा उद्योग म्हणजे चित्र वाचवायला जाऊन त्यालाच माखण्यासारखे. त्यापेक्षा जुना आणि निरुपद्रवी उपाय उन्हाचा होता : बाहेर उभे राहून आरशाने किंवा चकचकीत पत्र्याने ऊन आत वळवायचे. अजिंठ्यात पर्यटकांना चित्रे दाखवण्यासाठी ही युक्ती विजेचे दिवे येईपर्यंत आणि त्यानंतरही चालली.

मधल्या काळात प्रतिकृतीच काढल्या जात राहिल्या. मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्यात राबले. त्यांच्याही कित्येक प्रती पुढे लंडनमधल्या दुसऱ्या एका आगीत गेल्या. नंतर प्रती करायला इंग्रज चित्रकार लेडी हेरिंगहॅम आल्या आणि त्यांच्याबरोबर नंदलाल बोस आले. पण प्रत करणाऱ्याचा हात कुठेतरी आपल्या काळाचे वळण मिसळतोच, ही शंका अभ्यासकांच्या मनात कायम राहिली.

शंका फिटायला रसायनशास्त्राची मदत लागली. १८७३ मध्ये हेर्मान फोगेलला आढळले की काचेवरच्या थरात विशिष्ट रंजक मिसळले तर तो इतर रंगांनाही प्रतिसाद देतो. १९०६ च्या सुमारास सर्व रंग टिपणाऱ्या काचा बाजारात आल्या. रंगीत चित्रासाठी तेच दृश्य लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांतून तीनदा टिपायचे आणि छपाईत तिन्ही एकावर एक अचूक बसवायचे. कॅमेरा केसभर हलला तरी सारे मुसळ केरात. इथे अजिंठ्याची स्थिर माणसे पहिल्यांदा छायाचित्रकाराच्या कामी आली. हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे संचालक गुलाम याझदानी यांच्या संपादनाखाली १९३० ते १९५५ या काळात छायाचित्रांवर आधारलेला ‘अजंठा’ हा ग्रंथ चार भागांत निघाला. अजिंठ्याच्या छायाचित्रणातले सर्वांत मोठे काम हेच मानावे लागेल : भिंतीवर ज्या जागा नंतर अधिक फिकट झाल्या, त्या पूर्वी कशा होत्या हे पाहायला अभ्यासक आजही त्याकडे वळतात.

याच सुमारास अमेरिकेत एमआयटीचे हॅरॉल्ड एडगर्टन विजेच्या नळीतून क्षणार्धाहूनही छोटा लखलखाट पाडत होते. सफरचंद भेदून जाणाऱ्या गोळीचे त्यांचे १९६४ चे छायाचित्र जगभर गाजले. डिस्कव्हरी वाहिनीच्या ‘टाइम वॉर्प’सारख्या कार्यक्रमाने २००८ पासून हाच चमत्कार प्रेक्षकांच्या घरात आणला. सेकंदाला हजारो चित्रे घेणाऱ्या त्या कॅमेऱ्यांपुढे डोळे दिपवणारे दिवे लावावे लागतात, हे पडद्यावर सहसा ध्यानात येत नाही. एडगर्टनच्या नळीचाच छोटा अवतार पुढे प्रत्येक पर्यटकाच्या कॅमेऱ्यात बसला आणि लेण्यांतल्या पहारेकऱ्यांच्या कामात एक आरोळी वाढली : फ्लॅश बंद!

एका फ्लॅशने होणारी इजा क्षुल्लक असते आणि अजिंठ्याचे खनिज रंग तसे चिवट आहेत. दमट हवा, वटवाघळे, कीटक आणि जुन्या दुरुस्तीत फासलेली व्हार्निश यांनी चित्रांचे कितीतरी अधिक नुकसान केले. तरीही दिवसाला हजारो माणसे येतात तिथे बंदी रास्तच ठरते. विशेष म्हणजे तिच्यामुळे छायाचित्राचे काही बिघडले नाही. १९९०च्या दशकात बिनॉय बेहल यांनी अत्यंत मंद उजेडात घेतलेल्या छायाचित्रांत सावल्यांमधले रंगही उमलून आले. नाशिकचे प्रसाद पवार यांनीही मंद प्रकाशातच चित्रण करून त्यावरून संगणकावर चित्रांची पुनर्रचना केली. आता लेण्यांत सौम्य दिवे आहेत. पर्यटकाला तिथे फ्लॅशविना छायाचित्र घेता येते. ट्रायपॉड लावायचा असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याची आगाऊ परवानगी घ्यावी लागते.