चार इयत्ता, एक वर्ग

वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळेत खरे शिक्षण होऊच शकत नाही, हे मत आता शिक्षणखात्यापासून पालकांपर्यंत बहुतेकांनी मान्य करून टाकले आहे. 2023 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभारण्याची चर्चा सुरू झाली, तेव्हा हाच युक्तिवाद पुन्हा ऐकू आला.

पूर्वपक्ष दुबळा नाही. एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता. तिसरीला भागाकार शिकवताना पहिली नुसती बसलेली. वेळेचे तुकडे पडलेले. पण या हिशेबात एक गृहीत दडले आहे: शिक्षक बोलतो तेवढाच वेळ मूल शिकते. ते गृहीतच चुकीचे आहे.

आंध्र प्रदेशात मदनपल्लीजवळच्या ऋषी व्हॅली या शिक्षणसंस्थेने आसपासच्या खेड्यांतील शाळांसाठी जी पद्धत घडवली, तिच्यात अभ्यासक्रमाची लहान पायऱ्यांची शिडी असते आणि प्रत्येक पायरीचे कार्ड असते. आपण कोणत्या पायरीवर आहोत, हे मूल स्वतः पाहते. नवा भाग शिकणारी मुले शिक्षकाजवळ बसतात, सराव करणारी जोडीदाराबरोबर, पुढे गेलेली एकेकटी. शिक्षक एका वेळी मोजक्या मुलांना शिकवतो आणि बाकीची रिकामी नसतात. कर्नाटकात 1995 मध्ये हेग्गडदेवनकोटे तालुक्यातल्या सरकारी शिक्षकांनी हे काम पाहून ‘नली-कली’ उभी केली. पुढे ती राज्यभर गेली.

आपल्या दृष्टीने या शिडीचा सर्वांत मोठा गुण वेगळाच आहे. बीडमधल्या ऊसतोड मजुराचे मूल दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर फडावर जाते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतते. तोवर वर्ग निम्मे पुस्तक ओलांडून गेलेला असतो आणि त्या मुलाला धरून ठेवणारे काहीच उरत नाही. शिडीवर मात्र त्याची पायरी तशीच थांबलेली असते. तिथून ते पुढे चढू लागते. मोठ्या शाळेत बस लावून नेल्याने हा प्रश्न सुटत नाही.

आणि एका इयत्तेचा वर्ग तरी एकसारखा कुठे असतो? कोणत्याही चौथीत परिच्छेद वाचणारे मूल आणि अक्षरे जुळवणारे मूल शेजारी बसलेले असते.

लहान शाळेत मुलांना सोबती कमी पडतात, हा आक्षेप मात्र खरा आहे. शेजारच्या शाळांनी खेळ, सहल, स्नेहसंमेलन एकत्र करावे. एकशिक्षकी शाळेचे समर्थनही मी करणार नाही. गुरुजी रजेवर गेले की ती बंद पडते.

शिक्षणहक्क कायदा पहिली ते पाचवीच्या साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक देतो. म्हणजे बहुवर्ग अध्यापन ही कायद्यानेच गृहीत धरलेली व्यवस्था आहे. तरीही वेळापत्रक, पाठ्यपुस्तक, टाचण सारे इयत्तावार. शाळांच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत परिपत्रके आणि माहितीचे तक्ते यांतच वेळ सरतो. तोच वेळ शिक्षकांनी मिळून कार्डे तयार करण्याला आणि एकमेकांचे वर्ग पाहण्याला मिळाला, तर परिषदेचे नाव सार्थ होईल. साधने न देता शिक्षकाला नापास ठरवणे हा अन्याय आहे.

म्हणून खात्याकडे मागणी एवढीच: एखादी शाळा बंद करण्यापूर्वी तिला दुसरा शिक्षक, बहुवर्गाचे साहित्य आणि त्याचे प्रशिक्षण कधी दिले होते, हे गावाला लेखी कळवावे.