अंगणातल्या शाळेचा खर्च

इंदूरचा परदेशीपुरा ही गिरणी कामगारांची वस्ती. मालवा आणि हुकुमचंद या गिरण्यांच्या पाळ्यांवर तिचा दिवस बेतलेला असे. १९४८ च्या कारखाने कायद्याने ५० हून अधिक स्त्रिया कामाला असतील तेथे सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर बंधनकारक केले. १९७६ मध्ये हा आकडा ३० वर आला. खोली स्वच्छ व हवेशीर असावी एवढेच सांगून कायदा थांबला नव्हता. तेथील बाई बालसंगोपनाचे शिक्षण घेतलेली असावी, असेही त्यात होते. परंतु मोजून तीसच स्त्रिया असतील तर मालक मोकळा! मुलाची गरज तीच, बदलला तो केवळ हिशेब. पुढे १९९१ मध्ये हुकुमचंद मिलच बंद पडली. गिरणीबाहेर धुणीभांडी करणारी आई तर कोणत्याच हजेरीपटावर नव्हती. अशा आईच्या मुलासाठी जी अंगणवाडी असते, तिचा उगम मात्र वेगळ्या हिशेबात आहे.

मारिया मॉंटेसरी यांचे पहिले बालगृह १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत निघाले. मोकाट मुले भिंती खराब करतात, दुरुस्तीपेक्षा बालगृह परवडेल, हा इमारतीच्या चालकांचा विचार त्यामागे होता. श्रमिकांच्या मुलांसाठी जन्मलेली ही पद्धत आपल्याकडे मात्र घोटीव, महागड्या साधनांमुळे सुखवस्तू घरांची मिरास ठरू लागली. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये सुरू केलेल्या बालमंदिरात त्यांच्या सहकारी झालेल्या ताराबाई मोडक यांना हे शल्य होते.

१९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या. शंख-शिंपले, बिया, पाने, खडे ही त्यांची साधने झाली. हरिजन वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच ताराबाईंनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. १९५७ नंतर कोसबाडला गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणशाळा भरली. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावयास हवी. ताराबाईंनी काटकसर केली ती इमारतीत आणि साधनांत. मुलांपुढे बसणाऱ्या बाईच्या तयारीत नव्हे. कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण हा त्यांच्या कामाचा कणाच होता.

शासनाने २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली, तेव्हा नाव ताराबाईंचे घेतले. पण काटकसर नेमकी उलट्या जागी केली, असे मला वाटते. पोषण, लसीकरणास साहाय्य, नोंदवह्या आणि शाळापूर्व शिक्षण एवढे सारे एकाच बाईवर सोपवून तिला वेतनाऐवजी मानधन दिले. मॅट्रिक झालेल्या सेविकेला आरंभी ते दरमहा १५० रुपये होते. ऑक्टोबर २०१८ पासून केंद्राने ठरविलेली रक्कम ४,५०० रुपये झाली. राज्ये त्यात आपापली भर घालीत. या सेविकांना आणि मदतनिसांना उपदान मिळण्याचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले ते एप्रिल २०२२ मध्ये, योजना सुरू झाल्यावर ४६ वर्षांनी.