संघ कोणत्या गावचा?

फ्रान्सच्या पूर्व भागात, ज्युरा डोंगरात ओयोना नावाचं गाव आहे. वस्ती बावीस हजारांच्या आसपास. गाव कंगवे करणाऱ्यांचं. आधी लाकडाचे, मग शिंगाचे, मग सेल्युलॉइडचे कंगवे झाले, आणि आता प्लास्टिकचा नाना तऱ्हेचा माल तिथून निघतो. या गावाचा रग्बी क्लब २०१३ मध्ये देशाच्या सर्वोच्च व्यावसायिक साखळीत चढला. तिला ‘टॉप १४’ म्हणतात. पुढे तो खाली घसरला, पुन्हा चढला, पुन्हा घसरला. २०२३ मध्ये तिसऱ्यांदा वर गेला आणि २०२४ मध्ये परत खाली आला. चढला काय नि पडला काय, नाव ओयोनाचंच राहिलं.

आपलं कळंब तालुक्याचं गाव. नागपूर-यवतमाळ रस्ता, चिंतामणीचं देऊळ, कापूस, आणि २०२४ च्या फेब्रुवारीपासून वर्ध्याहून येणारी रेल्वे. असल्या गावाचा संघ देशाच्या पहिल्या चौदांत खेळतोय, ही कल्पना आपल्याकडे हसण्यावारी जाईल. का जाईल, याचं उत्तर शोधायचं तर गावच्या संघाची वंशावळच उलगडावी लागते. तिच्या दोन शाखा आहेत, आणि गंमत म्हणजे दोन्हींच्या मुळाशी एकच साल आहे.

१८७२. त्या वर्षी ल हाव्र बंदरातल्या इंग्रजांनी फ्रान्समध्ये क्लब काढला आणि त्यांच्या चेंडूच्या खेळाबरोबर रग्बीने फ्रान्सच्या किनाऱ्यावर पाय ठेवला. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी कलकत्त्यात इंग्रज एका बाजूला आणि स्कॉटिश, आयरिश, वेल्श दुसऱ्या बाजूला असा रग्बीचा सामना झाला. त्यातून कलकत्ता फुटबॉल क्लब निघाला. पण पलटण बदलून गेली, उरलेले साहेब टेनिस-पोलोकडे वळले, आणि क्लबात फुकट मिळणारी दारू बंद झाल्यावर तर सभासद भराभर गळाले, असं सांगतात. क्लब मोडताना बँकेतले चांदीचे रुपये काढून वितळवले आणि त्यांचा चषक घडवला. नागाच्या आकाराच्या तीन मुठी, झाकणावर हत्ती. १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड त्या चषकासाठी खेळतात. म्हणजे आपल्याकडून रग्बीला मिळालं ते आपल्या रुपयांचं चांदीचं भांडं. खेळ मात्र जिमखान्यांच्या कुंपणातच राहिला. मुंबईत १८७५ चा बॉम्बे जिमखाना आहे, तिथे रग्बी आजही खेळली जाते. पण त्या कुंपणाबाहेर, गिरणगावात किंवा वऱ्हाडात, ती उतरली नाही.

फ्रान्समध्ये ती उतरली. पहिलं राष्ट्रीय अजिंक्यपद १८९२ मध्ये झालं ते पॅरिसच्या दोनच क्लबांत, पंच होते पिएर द कुबर्तँ, ज्यांनी पुढे ऑलिंपिक पुन्हा सुरू केलं. विजेत्यांची ढाल घडवली शार्ल ब्रेन्यूस या कोरीवकाम करणाऱ्याने, आणि ती आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते. १८९९ मध्ये बोर्दोने ती ढाल पॅरिसच्या हातातून काढून घेतली, आणि मग नैऋत्येकडच्या गावागावांत रग्बी शिरली. १९०१ च्या कायद्याने कुठल्याही दोन माणसांना एकत्र येऊन संस्था नोंदवणं सोपं झालं, त्यामुळे क्लबांचं पेव फुटलं. कास्त्रचा क्लब १९०६ चा, तुलूझचा १९०७ चा, ओयोनाचा १९०९ चा.

आपल्याकडची सालंही याच सुमाराची आहेत, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. पुण्याचा डेक्कन जिमखाना १९०६ चा. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी उभं केलेलं. हुतूतूचे, म्हणजे आजच्या कबड्डीचे, नियम महाराष्ट्रात १९१८ च्या सुमारास आखले गेले, १९२३ मध्ये छापले गेले, आणि त्याच वर्षी बडोद्यात त्या नियमांनी स्पर्धा झाल्या. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या मंडळाच्या पथकाने तिथे कबड्डीसह आपल्या खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली. त्याआधी बारा वर्षं, १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून फ्रान्स हरला आणि रग्बी ऑलिंपिकमधून बाहेर फेकली गेली होती. विदर्भातली एक व्यायामशाळा जगाच्या मैदानावर पाय टाकत होती, तेव्हा रग्बीला तिथे जागा नव्हती.

मग वाट कुठे फुटली? माझ्या मते पैशाच्या प्रश्नावर. दोन्हीकडे खेळ हौशी म्हणवत होता आणि दोन्हीकडे खेळाडूला पोट होतं.

फ्रान्सने त्यावर काढलेला उपाय चोरीचा होता. चांगल्या खेळाडूला गावात कॅफे चालवायला मिळे, नगरपालिकेत नोकरी मिळे, सामन्यानंतर पाकीट मिळे. इंग्रजांना हे कळलं आणि १९३१ मध्ये त्यांनी मारामाऱ्या आणि छुपी बिदागी या दोन कारणांवरून फ्रान्सला पंचराष्ट्र स्पर्धेतून काढून टाकलं. त्या वनवासात काहींनी तेरा खेळाडूंची, उघड पैसे देणारी रग्बी सुरू केली. ती इतकी फोफावली की युद्धकाळात व्हिशी सरकारने १९४१ मध्ये तिच्यावर बंदी घालून तिची मालमत्ताच जप्त केली. खेळाच्या भानगडीत सरकारने घेतलेली इतकी निर्लज्ज बाजू क्वचित सापडेल.

दुसरा उपाय कारखान्याचा. क्लेरमाँचा क्लब १९११ मध्ये मार्सेल मिशेलिनने टायर कारखान्यातल्या कामगारांसाठी काढला. तो दहा अंतिम सामने हरला आणि २०१० मध्ये पहिल्यांदा ढाल उचलू शकला. कास्त्रमध्ये पिएर फाब्र या औषधवाल्याने असाच भार उचलला. गावच्या चौकातल्या दुकानापासून त्याने औषधकंपनी उभी केली आणि १९८८ मध्ये क्लब हाती घेतला. २०१३ च्या जूनमध्ये कास्त्र अजिंक्य ठरलं आणि पुढच्याच महिन्यात तो वारला.

आपल्याकडेही हा दुसरा उपाय झालाच. महाराष्ट्रातल्या कबड्डी स्पर्धांत स्थानिक मंडळांच्या गटाबरोबर ‘व्यावसायिक गट’ असतो. त्यात महिंद्र, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, मध्य रेल्वे, महाराष्ट्र पोलीस असे संघ उतरत आले. कबड्डीने चाळीतल्या पोराला नोकरी दिली, ही गोष्ट लहान नाही. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव ठेवण्याची आजची व्यवस्था त्याच विचाराची आहे. पण नीट पाहिलं तर फरक दिसतो. मिशेलिनने क्लेरमाँमध्येच क्लब वाढवला. आपल्या कंपन्यांनी मंडळातला खेळाडू उचलून आपल्या नावाच्या बनियनमध्ये खेळवला. मंडळ मागे राहिलं, दादरचा विजय क्लब असो वा एखाद्या तालुक्याचं मंडळ.

वरच्या पायऱ्यांवरही तेच. जिल्हा निवड चाचणी होते, तिथून विदर्भाचा संघ निवडला जातो (विदर्भाची कबड्डी संघटना महाराष्ट्राहून वेगळी आहे), तो राष्ट्रीय स्पर्धेला जातो. पोरगा वर जातो, त्याच्या गावच्या मंडळाचं नाव जिल्ह्याच्या वेशीवरच गळून पडतं.

१९९५ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या बैठकीत रग्बीने हौशीपणाचं सोंग टाकलं आणि पगार उघड झाले. फ्रेंच कायद्याने तिथे एक शहाणी गाठ मारून ठेवली आहे. व्यावसायिक संघ चालवायला कंपनी काढावी लागते, पण महासंघाकडच्या नोंदणीचा क्रमांक जुन्या १९०१ च्या संस्थेकडेच राहतो. दोघींत करार असतो. कंपनीचा मालक बदलेल, तुलाँच्या क्लबला जसा एकदा कॉमिक्सचा प्रकाशक मालक मिळाला तसा कुणीही येईल. पण पोरांना शिकवणारी, शनिवारी दहा-बारा वर्षांच्यांचे सामने लावणारी मूळ संस्था तळाशी असतेच. शिवाय फ्रान्समध्येच घडलेले खेळाडू संघात किती हवेत, याचीही अट आहे.

हे सगळं स्वप्नवत वाटू नये म्हणून लूर्दचं नाव घेतो. तेही तीर्थक्षेत्राचं गाव, कळंबच्या चिंतामणीसारखंच बाहेरगावच्या भाविकांवर गजबजणारं, फक्त गर्दी कितीतरी पट मोठी. १९४८ ते १९६८ या वीस वर्षांत त्यांनी आठ वेळा ढाल जिंकली. आज तो क्लब खालच्या हौशी गटात आहे. पगार उघड झाल्यावर मोठ्या शहरांचा पैसा जिंकतो, आणि लहान गावांपैकी ओयोनासारखी थोडीच तग धरतात. पण लूर्द पडलं ते पायऱ्या उतरत. पायऱ्या जागेवर आहेत.

आपली पायरी २०१४ मध्ये आली ती वरून सोडलेली. २६ जुलैला प्रो कबड्डी लीग सुरू झाली. आठ संघ, आठ मालक, लिलाव. पहिल्या वर्षी राकेश कुमारला सर्वाधिक १२.८ लाख रुपये मिळाले; २०१९ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या सिद्धार्थ देसाईवर १.४५ कोटींची बोली लागली. २०२३ मध्ये पवन सेहरावतचा आकडा २.६० कोटींवर गेला. मातीत घासलेल्या गुडघ्यांना हे पैसे मिळाले याचा आनंदच आहे, आणि तो लपवायचं कारण नाही. २०२४ मध्ये पुणेरी पलटणने विजेतेपद जिंकलं तेव्हा कर्णधार होता नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. पण पलटण पुण्याच्या कुठल्या मंडळातून वाढली? कुठल्याच नाही. मुंबईच्या यू मुम्बा संघाखाली लालबाग-परळचं एखादं मंडळ कायद्याने बांधलेलं नाही. संघाला नाव शहराचं आणि खेळाडू लिलावातला. सिद्धार्थवर ती बोली लावली तेलुगू टायटन्सने. आणि शेवटचा आलेला संघ खाली जात नाही, कारण खाली जायला काही नाहीच.

कळंबसारख्या गावात हिवाळ्यात कबड्डीचे खुले सामने होतात. फ्लेक्सवर बक्षीस देणाऱ्यांची नावं, कुणाच्या तरी स्मृतिप्रीत्यर्थ पहिलं पारितोषिक, प्रवेश फी, साठ किलो वजनगट, रात्री दिव्यांत खेळ. दुसऱ्या तालुक्यातून टेम्पोने संघ येतात आणि पंचाच्या निर्णयावरून तासभर वाद होतो. मैदान तेरा मीटर बाय दहा. साधन काही लागत नाही. रग्बीच्या एका मैदानात अशी कितीतरी मैदानं मावतील. ओयोनाच्या क्लबची सुरुवातही अशाच सामन्यांतून झाली असावी, फक्त त्यांच्या सामन्यांना पुढचा मुक्काम होता.

२०२५ च्या जूनमध्ये मुंबईत, अंधेरीच्या क्रीडासंकुलात, रग्बी प्रीमियर लीग झाली. सात-सात खेळाडूंचे सहा संघ. त्यात एक मुंबईचा, ‘मुंबई ड्रीमर्स’. विजेता ठरला चेन्नई बुल्स. दीडशे वर्षं कुंपणात राहिलेली रग्बी बाहेर आली तेव्हा तिने फ्रान्सचा क्लब नाही, प्रो कबड्डीचा साचा उचलला: शहराचं नाव, मालक, लिलाव, आणि वरखाली होणं नाही.