गेलेल्या यंत्राचे उरलेले हसू

नियतकालिकांच्या इतिहासात विनोदी मासिकांना दुय्यम स्थान मिळते आणि मुलांच्या विनोदी मासिकांची तर दखलही घेतली जात नाही. त्यातून त्याचा विषय संगणकावरील खेळ हा असेल, तर साहित्याच्या अभ्यासकाने तिकडे का वळावे, असा प्रश्न सहजच विचारला जाईल. ‘युअर सिंक्लेअर’ या ब्रिटिश मासिकाची हकीकत हे त्या प्रश्नाचे एक उत्तर आहे.

एप्रिल १९८२ मध्ये सिंक्लेअर रिसर्च या कंपनीने ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ हा रबरी कळांचा घरगुती संगणक विक्रीस आणला. त्याच्या लहान आवृत्तीची किंमत १२५ पौंड होती. यंत्र घरच्या दूरदर्शन संचाला जोडावयाचे आणि खेळ साध्या कॅसेटवरून त्यात उतरवून घ्यावयाचा. या कर्कश विधीला कित्येक मिनिटे लागत आणि शेवटच्या क्षणी तो फसण्याची धास्ती असेच. पुढे हे यंत्र ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने परवान्याखाली भारतातही विकले गेले. मास्टरट्रॉनिकसारख्या कंपनीने १.९९ पौंडांत खेळ देऊ केले, तरी बाकीचे बरेच महाग असत. कॅसेटच्या वेष्टनावरील चित्र भव्य आणि आतील खेळ सामान्य, हा अनुभव नित्याचा होता. खाऊच्या पैशांतून खेळ विकत घेणाऱ्या मुलाला चुकीची निवड परवडणारी नव्हती. प्रामाणिक परीक्षण ही त्याची खरीखुरी गरज होती.

ही गरज ओळखून फेब्रुवारी १९८४ मध्ये लडलो या श्रॉपशरमधील छोट्या गावातून ‘क्रॅश’ हे मासिक निघू लागले. गावातील शाळकरी मुलांकडून त्याने परीक्षणे करवून घेतली आणि एका खेळावर अनेकांची मते शेजारी शेजारी छापली. त्यातील पत्रव्यवहार लॉइड मँग्रम नावाचे गृहस्थ सांभाळीत. वाचक त्यांना लिहीत, त्यांच्याशी वाद घालीत. हे गृहस्थ अस्तित्वातच नव्हते. ते संपादकवर्गाने निर्माण केलेले पात्र होते. मराठी वाचकाला येथे श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचा सुदामा आठवावा. लेखकाने मुखवटा धारण केला की वाचक अधिक मोकळा होतो, हे विनोदी वाङ्मयाचे जुनेच रहस्य आहे.

‘युअर सिंक्लेअर’ने हे रहस्य आणखी पुढे नेले. ‘युअर स्पेक्ट्रम’ हे मासिक जानेवारी १९८६ पासून या नव्या नावाने निघू लागले. आणि दैवदुर्विलास असा की, त्याच वर्षी एप्रिलमध्ये सिंक्लेअरने आपला संगणकाचा व्यवसाय अॅमस्ट्रॅड कंपनीला पन्नास लाख पौंडांना विकून टाकला. ज्याचे नाव धारण केले त्यानेच अंग काढून घेतले! मासिकाने मात्र आपला सूर सोडला नाही. संपादिका टेरेसा मॉन वाचकांना ‘टीझर’ म्हणून आणि फिल साउथ ‘स्नाउटी’ म्हणून परिचित झाले. मार्कस बर्कमन, डंकन मॅक्डोनाल्ड हे लेखक खेळाविषयी लिहिता लिहिता स्वतःची आणि एकमेकांची टिंगल करीत. वाचकालाही त्या थट्टेत वाटेकरी करून घेतले जाई. आपण ग्राहक नसून एका मंडळातील सभासद आहोत, असे मुलाला वाटू लागे.

या हास्याचे मोल केवळ करमणुकीचे नव्हते. ज्या कंपन्यांच्या खेळांचे परीक्षण करावयाचे, त्यांच्याच जाहिरातींवर असली मासिके जगत. अशा स्थितीत सुमार खेळाला सुमार म्हणण्याचे धैर्य थट्टेतून येते. जाहिरातीची भाषा आणि वस्तूचे वास्तव यांतील अंतर हास्यातून ओळखावयास मुले येथे शिकली. कित्येकांचा समीक्षेशी आलेला हा पहिलाच संबंध असावा.

१९९० मध्ये मासिक बाथ येथील फ्यूचर पब्लिशिंगकडे गेले. स्पेक्ट्रमचे दिवस भरत आले होते. १९९२ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. नवे खेळ विरळ झाले, पाने कमी होत गेली, मुखपृष्ठावर भेटीदाखल कॅसेट चिकटविल्या जाऊ लागल्या. परीक्षणाला विषयच उरेना, तेव्हा लेखनाला स्वतःच्या बळावर उभे राहणे भाग पडले. सप्टेंबर १९९३ मध्ये ९३ वा अंक काढून मासिक थांबले. त्याचे वळण मात्र ‘अमिगा पॉवर’ या भावंडात उतरले. त्याचे पहिले संपादक मॅट बीलबी आणि त्यात लिहिणारे जोनाथन नॅश हे दोघेही ‘युअर सिंक्लेअर’चे माजी संपादक होत. बर्कमन यांनी पुढे १९९५ मध्ये हौशी क्रिकेटपटूंच्या वेडावर ‘रेन मेन’ हे विनोदी पुस्तक लिहिले.

२००४ मध्ये ‘रेट्रो गेमर’ या मासिकासोबत ‘युअर सिंक्लेअर’चा ९४ वा अंक स्मरणार्थ काढण्यात आला. मोठ्या झालेल्या वाचकांनी जुने अंक पानापानाने संगणकावर उतरवून सर्वांना खुले केले. त्यांच्या या हळहळीकडे सावधपणे पाहिले पाहिजे. स्मरणरंजन निवड करते. शिळे विनोद आणि घाईने खरडलेली पाने ते विसरते. परंतु ज्या खेळांसाठी ही मासिके विकत घेतली जात, त्यांतील बहुतेक आज कोणी खेळत नाही, आणि तरीही अंक वाचले जातात, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. यंत्र अडगळीत गेले, खेळ जुने झाले. वाचकांच्या मनात राहिली ती आपल्याशी बरोबरीच्या नात्याने बोलणारी माणसे, त्यांपैकी काही काल्पनिक असली तरी. ब्रिटनमध्ये प्रत्येक प्रकाशनाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात कायद्याने जमा होते. पण प्रत जपणे ग्रंथालयाच्या हाती असते; तिच्यातील आवाज कोणाला आणि का प्रिय होता, हे मात्र वाचकांनीच नोंदवून ठेवावे लागते.