विटांच्या भिंती व भूकंप

महोत्सवाच्या पुस्तिकेंत चर्चच्या इमारतीचा इतिहास यावा, हा रिवाजच आहे. त्या इमारतीभोवतीं ज्या घरांत आपला समाज पिढ्यान्‌पिढ्या नांदला, त्यांच्या भिंतींचा इतिहास मात्र सहसा कोणी लिहीत नाहीं. म्हणून त्यांविषयीं थोडें लिहिण्याचें योजिलें आहे.

गिरगांवांतील खोताची वाडी घ्या, किंवा परळ-लालबागच्या जुन्या चाळी घ्या. यांपैकीं पुष्कळ घरांच्या भिंती नुसत्या विटांच्या नाहींत. आधीं सागवानी खांब व तुळया यांचा सांगाडा उभारावयाचा आणि मग मधल्या जागेंत चुन्यामध्यें विटा भरावयाच्या, अशी ती रीत होती. वीट ओझें सोसते, ओढ सोसत नाहीं. जमीन आडवी हालूं लागली म्हणजे भिंत कोपऱ्यांत उकलते व बाहेर पडते. ती ओढ लांकूड आपल्या अंगावर घेतें. आपल्या सुतारांनीं भूकंपाचा विचार करून घरें बांधिलीं, असें मी म्हणणार नाहीं. पण गुण तो गुणच.

हेंच तत्त्व लिस्बन शहराला फार महागांत शिकावें लागलें. १ नोव्हेंबर १७५५ रोजीं, सकल संतांच्या सणाच्या सकाळीं, देवळें भाविकांनीं भरलेलीं असतां तेथें भूकंप झाला. मागाहून समुद्राच्या लाटा आल्या, आग लागली, सहस्रावधि माणसें मेलीं. नगर पुन्हां उभारतांना मंत्री पोंबाल याच्या इंजिनिअरांनीं घरांच्या भिंतींत फुलीच्या आकाराच्या लांकडांचा सांगाडा घातला. त्याला ते पिंजराच म्हणत. नमुन्याभोवतीं शिपायांना पाय आपटीत चालवून त्याची परीक्षा घेतली, असें सांगतात. याच पोंबालनें १७५९ सालीं येशूसंघीयांना देशाबाहेर घालविलें, त्यामुळें आम्हां धर्मगुरूंत त्याचें नांव प्रेमानें निघत नाहीं. परंतु घरबांधणींत त्याचें म्हणणें खरें ठरलें.

तथापि घरांत लांकूड आहे एवढ्यानें निश्चिंत राहतां येत नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व तेव्हांचा उस्मानाबाद या जिल्ह्यांत किल्लारीच्या भूकंपानें सुमारें दहा हजार माणसें गेलीं. तेथील कित्येक घरांत खांब होते, माळवद त्यांवरच तोललेलें होतें. परंतु मातींत रचिलेल्या जाड दगडी भिंती त्या खांबांना बांधलेल्या नव्हत्या, आणि भिंतीचे आंतले व बाहेरचे थरहि एकमेकांना जोडलेले नव्हते. थर सुटले आणि भिंती निजलेल्यांवर कोसळल्या.

विटांच्या बाबतींतला पुरावा याहून जुना आहे. १९३१ सालीं बलुचिस्तानांत माच येथें भूकंप झाला. त्यानंतर रेल्वेनें क्वेट्टा येथें कांहीं क्वार्टर्स लोखंडाची जोड देऊन बांधिल्या. ३१ मे १९३५ रोजीं तें शहर जमीनदोस्त झालें, निदान तीस हजार लोक मेले. त्या क्वार्टर्स उभ्या राहिल्या.

मुंबई २००२ सालच्या भूकंप-नकाशांत तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या, विभागांत घातलेली आहे. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा धक्का येथेंहि जाणवला होता. इमारत दुरुस्तीचा कायदा १९६९ सालीं झाला, तेव्हां शहरांत उपकरपात्र इमारती १९,६४२ होत्या. त्यांपैकीं १६,५०२ इमारती १ सप्टेंबर १९४० पूर्वींच्या. इतक्या घरांची दुरुस्ती करतांना गळतीकडे सर्वांचें लक्ष जातें, सांध्यांकडे क्वचितच. न्हाणीच्या ओलीनें तुळईचें टोंक भिंतींतल्या भिंतींत कुजतें, आणि वरून गिलावा केला कीं दिसेनासें होतें. कुजलेला खांब काढून त्या जागीं नुसत्या विटा भरणें म्हणजे पिंजऱ्याची काडी काढून घेणें होय.

भिंत बळकट करण्याची रीत भारतीय मानक संस्थेनें १९९३ सालीं छापून दिली आहे. दारांच्या माथ्यावर व छताखालीं तारेच्या जाळीचा व सिमेंटचा पट्टा घालावा, आंतला व बाहेरचा पट्टा आरपार सळयांनीं जोडावा, कोपऱ्यांत उभ्या सळया घालाव्या, आणि तुळया भिंतींना लोखंडी पट्ट्यांनीं जखडाव्या. चुन्याच्या सबंध भिंतीवर मात्र कडक सिमेंट लिंपूं नये. ओल आंत कोंडते आणि लांकूड कुजतें. पट्टा चारी भिंतींभोवतीं अखंड गेला पाहिजे. एका बिऱ्हाडानें आपल्या खोलीपुरता घातल्यास कांहीं उपयोग नाहीं. त्यासाठीं चाळींतील सर्व भाडेकरू व मालक यांनीं एकत्र बसावें लागेल. तोंपर्यंत एखाद्या जाणत्या सुताराला नेऊन न्हाणीजवळच्या तुळयांचीं टोंकें तरी टोंचून पाहावींत.