खतफोडीचे बंड आणि संघर्षाची हद्द

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे या बाजारपेठेच्या गावात आसपासची रयत जमली आणि सावकारांच्या दारात उभी राहून वह्या आणि कर्जरोखे मागू लागली. (पारनेर तालुक्यातले पुणे-नगर रस्त्यावरचे सुपा ते हे नव्हे, हे भीमथडीतले, आज बारामती तालुक्यात मोडणारे सुपे.) वह्या रस्त्यावर आणून जाळल्या गेल्या, धान्याची दुकाने लुटली गेली, काही घरांना आगी लागल्या. लोण थोड्याच दिवसांत तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात शिरले. पारनेर, श्रीगोंदा, नगर आणि कर्जत या तालुक्यांतल्या गावांत तेच घडू लागले. दोन महिन्यांत तीसहून अधिक गावे पेटली, ९५१ माणसे पकडली गेली आणि अनेक सावकार गाव सोडून पळाले. इंग्रजांनी याला दख्खनचे दंगे म्हटले, आपल्याकडे ते खतफोडीचे बंड म्हणून ओळखले जाते; खत म्हणजे कर्जरोखा. या बंडाची आर्थिक कारणे पुष्कळांनी लिहिली आहेत. त्यातल्या नीतीचा प्रश्न मात्र बाजूला पडतो. अन्यायाच्या साधनावर हात टाकणे आणि अन्याय करणाऱ्या माणसावर हात टाकणे यांत फरक आहे का? असला, तर तो किती दूरपर्यंत टिकतो? देवमाशांच्या व्यापारी शिकारीविरुद्ध समुद्रात जहाजे आडवी घालणारे लोक गेली पन्नास वर्षे याच प्रश्नाशी झगडत आहेत. त्याचे एक जुने आणि जास्त स्पष्ट उत्तर नगर जिल्ह्याच्या इतिहासात आहे.

रयतेने कागदच का जाळला, हे समजण्यासाठी कागदाची सत्ता समजली पाहिजे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याचे आयुष्य तीन वर्षे ठरवले. व्याज वर्षानुवर्षे साचून राहू नये, हा त्यामागचा हेतू. घडले उलटे. दर तीन वर्षांनी सावकार नवे खत लिहून घेऊ लागला, थकलेले व्याज मुद्दलात मिसळू लागला आणि त्या वाढलेल्या मुद्दलावर पुन्हा व्याज चढवू लागला. लिहिता-वाचता न येणारा कुणबी अंगठा उठवत राहिला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मँचेस्टरच्या गिरण्यांना आपल्या कापसाची गरज लागली, तोवर सावकार हात सैल सोडून कर्ज देत होता. युद्ध संपले, कापूस पडला, आणि उधारी बंद करून जुनी वसुली सुरू झाली. पुढे चौकशी आयोगापुढे आलेल्या एका प्रकरणात १०० रुपयांच्या कर्जावर २००० रुपयांहून अधिक व्याज लावलेले निघाले. कर्जत तालुक्यातल्या मिरजगावच्या रयतेने नगरच्या कलेक्टरला केलेला अर्जही आयोगाच्या कागदपत्रांत आहे. रोखीच्या गिऱ्हाइकापेक्षा आम्हाला पंचवीस ते पन्नास टक्के जास्त भाव पडतो, खळ्यावरचा माल सावकार उचलून नेतो, तो आमच्या खात्यावर जमा धरू म्हणतो पण धरत नाही, आणि पावती तर देतच नाही, अशी त्यातली तक्रार आहे. कोर्टात मात्र पुरावा एकच चालत असे, अंगठ्याचा. न्यायाधीश खताच्या मागे काय घडले हे बघायला बांधील नव्हता. अशा वेळी ते खत हेच अन्यायाचे हत्यार होते, आणि कायदाच ते सावकाराच्या हातात देत होता.

रयतेने नेमके तेच हत्यार ओळखले, म्हणून मी या बंडाला आंधळी दंगल म्हणायला तयार नाही. जिथे सावकाराने वह्या मुकाट्याने काढून दिल्या तिथे बहुधा त्याला धक्का लागला नाही; आगी लागल्या त्या प्रामुख्याने नकार मिळाला तिथे. अंगावर हात टाकल्याच्या घटना इतक्या मोठ्या उठावाच्या मानाने फार थोड्या आहेत. आपल्याला काय नष्ट करायचे आहे आणि काय नाही, याचे भान जमावाला असणे ही दुर्मिळ गोष्ट आहे. १९८६ च्या नोव्हेंबरात सी शेफर्ड या संघटनेच्या दोघा कार्यकर्त्यांनी आइसलंडच्या रेक्याविक बंदरात देवमाशांच्या शिकारीच्या दोन नौका तळाच्या झडपा उघडून बुडवल्या, तेव्हा त्यांचाही युक्तिवाद हाच होता. नौकांवर माणूस नाही याची खात्री करून घेतली होती. बुडाले ते शिकारीचे साधन. आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने १९८२ मध्येच व्यापारी शिकारीवर स्थगितीचा निर्णय घेतला होता आणि तो अमलात आल्यावरही आइसलंड संशोधनाच्या नावाने शिकार करत होते. कागदावर नियम आहे, तो राबवणारा हात नाही, मग तो हात आम्ही होतो, असे ते म्हणत.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो हलका नाही. वस्तू आणि माणूस यांत अशी रेघ ओढता येते का? सावकाराची वही म्हणजे त्याचे भांडवल, शिकारी नौका म्हणजे खलाशांची रोजी. प्रत्येक वहीतले प्रत्येक खाते खोटे नव्हते. बी-बियाण्याला, लग्नकार्याला, दुष्काळाच्या वर्षी सरकारी सारा भरायला पैसा याच वहीतून आलेला होता. हे खरे आहे, आणि म्हणून वस्तूची नासधूस म्हणजे अहिंसा असे सरसकट म्हणणे मला पटत नाही. ती इजाच आहे. पण ती भरून निघण्याजोगी इजा आहे. जळालेल्या खताचा दावा पुन्हा मांडता येतो, साक्षी काढता येतात, चुकीची शिक्षा झाली तर दाद मागता येते. माणूस मेला की सगळी दाद संपते. माणसाच्या न्यायबुद्धीला चुकण्याची सवय आहे हे मान्य केले, तर दुरुस्त होईल अशीच चूक करण्याचे बंधन संघर्ष करणाऱ्यावर येते. ही रेघ नीतीने ओढलेली आहे, सोयीपुरती ती मानता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे आणि त्याचा पुरावा आयोगानेच नोंदवला आहे. रोख बहुतेक मारवाडी आणि गुजर सावकारांवर होता. ब्राह्मण सावकार तोच धंदा करत असतानाही बहुतेक ठिकाणी सुटले. परक्याला लुटणे सोपे गेले. रयतेचा राग खऱ्या अन्यायातून आला होता, पण त्याने निवडलेला पत्ता पूर्णपणे न्यायाचा नव्हता. शिक्षा खतावर होती तर ती प्रत्येक खताला मिळायला हवी होती. हे लपवून बंडाचा गौरव करणे म्हणजे शेतकऱ्याचा अपमान आहे. त्याने केलेले काम तपासणीला उतरेल इतके मोठे आहे.

तिसरा आक्षेप इतिहासकारांचा. नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ मध्ये असे मांडले की या दंग्यांचे महत्त्व फुगवले गेले आहे, ते थोड्या गावांपुरते होते. गावे थोडी होती हे खरेच. पण कालक्रम बघा. मुंबई सरकारला सुरुवातीला यात विशेष काही दिसले नाही. १८५७ आठवून धास्तावलेल्या हिंदुस्थान सरकारने रेटा लावला तेव्हा आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी दिलासा कायदा झाला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. न्यायाधीशाने खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासावा, हे त्यातले कलम. खतामुळे जे झाकले जात होते ते उघडण्याची सोय कायद्यानेच केली. आगीने कर्ज फेडले गेले नाही, आणि अर्जांनीही इतकी वर्षे काही हलले नव्हते. आगीनंतर चार वर्षांत ते हलले.

मग संघर्षाला हद्द कुठली? वस्तूपाशी थांबा, एवढे सांगून भागत नाही, हे पारनेरच्याच एका माणसाच्या आयुष्यातून दिसते. पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १८८० मध्ये पारनेरचा. पॅरिसमध्ये बॉम्बची विद्या शिकून आलेला हा माणूस पुढे मुळशीचा सेनापती झाला. टाटा कंपनीच्या धरणाखाली मुळशी पेट्यातली पन्नासहून अधिक गावे जाणार होती; वीज मुंबईला जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी बांधकामावर बसून काम थांबवले. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा त्यांची. त्या दिवशी लोक आणि साधन एक होते. डिसेंबरात काम पुन्हा सुरू झाले, तुरुंगवास सुरू झाले, आणि हळूहळू सत्याग्रहाच्या पायाखालची माती सरकू लागली. जमिनीचे कागदोपत्री मालक असलेले पुण्याचे सावकार-जमीनदार भरपाईला राजी होते. जमीन कसणाऱ्या मावळ्याला विचारायला कोणी नव्हते, आणि थकून त्यातलेही बरेच भरपाई घेऊन बाजूला झाले. डिसेंबर १९२४ मध्ये बापटांनी मोजक्या साथीदारांसह रुळांवर दगड रचून कंपनीची गाडी अडवली, आणि या वेळी त्यांच्याकडे शस्त्रे होती. सात वर्षांची शिक्षा झाली. सुटका १९३१ मध्ये. सुरुवातीला या लढ्याला आशीर्वाद देणाऱ्या गांधींनी पुढे स्पष्ट लिहिले की बहुतेक बाधितांनी भरपाई स्वीकारली आहे आणि नेता पुरता अहिंसावादी नाही.

गांधींच्या दोन कारणांपैकी मला पहिले जास्त वजनदार वाटते. लोक मागे हटले, मग शस्त्र आले. ज्यांच्या जमिनीसाठी लढा होता ते शेतात किंवा भरपाईच्या रांगेत होते, आणि रुळांवर मूठभर माणसे उरली होती. १८७५ मध्ये खत जाळणारा आणि खताखाली दबलेला माणूस एकच होता. म्हणून किती जाळायचे आणि कुठे थांबायचे, हे त्याला कळत होते. दुसऱ्याच्या वतीने लढणाऱ्याला तो लगाम आपोआप मिळत नाही. बापटांचा त्याग अफाट होता, ते पळाले नाहीत, शिक्षा त्यांनी अंगावर घेतली. पण त्यागाने संमतीची जागा भरत नाही.

देवमाशाच्या बाबतीत ही अडचण टोकाला जाते. देवमासा संमती देऊ शकत नाही आणि मागेही हटू शकत नाही. त्याच्या नावाने लढणाऱ्याला रोखणारा कोणी पीडित माणूस नाही. म्हणून त्याने स्वतःला जास्त कडक बांधून घेतले पाहिजे असे मला वाटते. आंतरराष्ट्रीय नियमाने जे निषिद्ध ठरवले आहे तेवढ्यापुरताच हात उचलायचा, जिवाला धोका होईल तिथे माघार घ्यायची आणि केल्याची जबाबदारी कोर्टात उभे राहून घ्यायची. सी शेफर्डचे पॉल वॉटसन १९८८ मध्ये आइसलंडला जाऊन अटकेसाठी हजर झाले होते. सरकारने खटला न भरता त्यांना परत पाठवले. हजर होणे हे त्यांच्या पारड्यातले सर्वांत मोठे वजन आहे. भर समुद्रात नौकांना नौका घासण्याचे जे प्रकार नंतर झाले, त्यांना मात्र हा युक्तिवाद वाचवू शकत नाही, कारण थंड पाण्यात एका धडकेने दोन्ही बाजूंची माणसे मरू शकतात. आणि दुसरे टोकही विसरू नये. ३१ मार्च २०१४ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दक्षिण ध्रुवाकडची जपानची तथाकथित शास्त्रीय शिकार नियमाला धरून नाही असा निकाल दिला. तो खटला ऑस्ट्रेलियाने भरला होता. समुद्रातल्या झटापटींनी लक्ष वेधले, निकाल कायद्याने दिला. १८७५ आणि १८७९ चे नाते इथे पुन्हा दिसते.

माणसावर वळलेल्या बळाबद्दल मात्र मला कुठलीही सवलत मान्य नाही, हेतू कितीही चांगला असला तरी. त्याच पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत दारू सोडवण्यासाठी दारुड्यांना खांबाला बांधून फटके मारल्याचे अण्णा हजारे यांनी जाहीरपणे सांगितले आहे. गावाचे भले झाले, पाणी आले, दारू गेली, हे सगळे खरे धरूनही त्या माणसाच्या पाठीवर गावाचा अधिकार पोचत नव्हता. दारूची भट्टी फोडणे एक गोष्ट आहे, माणूस बांधणे दुसरी.

माझा निवाडा असा. १८७५ च्या रयतेने खत जाळले ते योग्य केले. परका म्हणून मारवाडी निवडला ते चुकले. बापटांचे १९२१ चे बसणे न्याय्य होते, १९२४ चे पिस्तूल नव्हते. रेक्याविकच्या नौका बुडवणाऱ्यांच्या बाजूने मी उभा राहीन, भर समुद्रातल्या धडकांच्या बाजूने नाही. आणि या सगळ्यांच्या आधी, मिरजगावच्या अर्जासारखा अर्ज हातात आलेल्या अधिकाऱ्याने तो वाचावा आणि त्यावर निर्णय द्यावा. आग लागण्याची वाट बघू नये.