बटण एकदाच दाबलं होतं!



बटण एकदा दाबलं की सर्किट एकदाच जोडलं जातं, अशी आपली भाबडी समजूत असते. प्रत्यक्षात आतल्या धातूच्या पट्ट्या एकमेकींवर आपटतात, उडतात, परत आपटतात; फरशीवर टाकलेली गोटी टप्पे खाते तसं. हा बाउन्स, आणि तो आवरणं म्हणजे डीबाउन्सिंग. प्रॅक्टिकलला ब्रेडबोर्डवर ७४९० काउंटर लावलेल्यांना आठवेल: बटण एकदा दाबायचं आणि आकडा ३ वरून थेट ७! आधी लॅच लावा, एवढंच सर सांगायचे. त्यामागचा इतिहास जर्नलमध्ये कधी आला नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

बटणं पूर्वीपासून अशीच होती. पण दिव्याला किंवा विजेच्या घंटेला त्याचं सोयरसुतक नव्हतं. ऐकणारं सर्किट चपळ झालं तेव्हा ही खोड दिसू लागली. औषधं मात्र आधीच तयार होती. इंग्लंडात एक्लस आणि जॉर्डन यांनी १९१८ मध्ये व्हॉल्व्हच्या फ्लिप-फ्लॉपसाठी पेटंटचा अर्ज केला होता. इथे अमेरिकेत ऑटो श्मिट या विद्यार्थ्याने १९३४ मध्ये, स्क्विडच्या मज्जातंतूंचा अभ्यास करताना, श्मिट ट्रिगर शोधला.

लॅचचं काम सोपं. पट्टी पहिल्यांदा टेकली की तो पलटतो. नंतर ती कितीही थरथरो, समोरच्या बाजूला टेकेपर्यंत तो ढिम्म. पण त्यासाठी प्रत्येक बटणाला दोन गेट्स आणि दोन बाजूंचा स्विच लागतो. पन्नासेक बटणांच्या कीबोर्डला हा खर्च कोण करणार?

टँडी कंपनीने केला नाही. ऑगस्ट १९७७ मध्ये रेडिओ शॅकच्या दुकानांसाठी त्यांनी टीआरएस-८० जाहीर केला. मॉनिटर आणि कॅसेट रेकॉर्डरसकट जेमतेम ६०० डॉलर. किंमत कमी ठेवायची म्हणून कीबोर्ड थेट झेड-८० प्रोसेसरच वाचायचा. हा प्रोसेसर सेकंदाला सुमारे १७.७ लाख ठोक्यांनी चालणारा, म्हणजे ५ मिलिसेकंदांच्या थरथरीत त्याचे जवळजवळ ९,००० ठोके होतात! लोक एक अक्षर टाइप करत, पडद्यावर दोन उमटत. तक्रारी वाढल्यावर कंपनीने कॅसेटवर डीबाउन्सचा प्रोग्रॅम दिला: कळ सुटल्यावर लगेच परत टेकली तर दुर्लक्ष करायचं, आणि कीबोर्ड जरा सावकाश वाचायचा. पुढे तो उपाय रॉममध्ये गेला आणि कीबोर्डही सुधारला.

म्हणजे हार्डवेअरचं काम सॉफ्टवेअरकडे आलं. मी स्वतः सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला यात खरी मेख दिसते ती "किती वेळ थांबायचं?" या प्रश्नात. जॅक गॅन्सल यांनी १८ स्विच मोजून पाहिले. बहुतेकांचा बाउन्स सरासरी दीड मिलिसेकंद, फार तर ६.२; पण एक पठ्ठ्या १५७ मिलिसेकंद थरथरत होता! कमी थांबलात तर एकाचे दोन होतात, जास्त थांबलात तर माणसाने खरंच दोनदा दाबलेलं हरवतं.

आणि हे फक्त टायपिंगपुरतं नाही. अमेरिकेच्या एफडीएकडे २००५ ते २००९ या काळात सलाईनमधून औषध देणाऱ्या इन्फ्यूजन पंपांबद्दल सुमारे ५६,००० घटनांचे अहवाल आले. २०१० मध्ये एफडीएने या पंपांतले जे सॉफ्टवेअर दोष सांगितले, त्यांत की-बाउन्स होता. शून्याची कळ एकदा दाबली आणि पंपाने दोनदा वाचली, तर १० चे १०० होतात. तिथे कॅसेट पाठवून भागत नाही.

आपल्यापैकी बरेच जण गाड्या, वैद्यकीय उपकरणं अशा क्षेत्रांत आहेत. तो थांबण्याचा आकडा बहुधा कुठल्या तरी जुन्या कोडमधून उचललेला असतो. माझं मत विचाराल तर तो हातातल्या स्विचवर, ऑसिलोस्कोप लावून ठरवावा. स्विचचा पुरवठादार बदलला, तर पुन्हा मोजावा. तुमच्याकडे काय करतात, जरूर लिहा.

चू. भू. द्या. घ्या.